लाल तेलाआधीचा घोट

"थांब, तेल घालायच्या आधी एक घोट घे," ऑफिसातला जपानी सहकारी म्हणाला. मी मोको तानमेन नाकामोतो या तिखट जपानी इन्स्टंट नूडल्सच्या कपातली लाल तेलाची पुडी फोडतच होते.

घेतला. मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा, दाट, गोडसर रस्सा. कोबी, टोफूचे मऊ तुकडे. मग तेल ओतलं. ठसका थेट घशाशी, डोळ्यांत पाणी, पण मिसो जिभेवरून हलला नाही.

१९५८ साली मोमोफुकु आंदोंनी बाजारात आणलेले पहिले इन्स्टंट नूडल्स चिकनच्या साध्या चवीचे होते. त्यांच्याच निस्सिन कंपनीच्या या तिखट कपातही आधी रस्सा जमवलाय, जाळ नंतर. म्हणून माझ्याकडून याला दहापैकी नऊ.

तिखट म्हटलं की आपण फक्त घाम मोजतो, हे मला खटकतं. मिसळ खाताना तुम्ही आधी उसळ चाखता की थेट तर्री ओतता?