ओस्तिया आंतिका: रोमच्या बंदरातल्या भिंती वाचताना

रोमला आलेला प्रवासी कोलोसियम आणि फोरम पाहतो आणि हाती आणखी एखादा दिवस असेल तर पाँपेईकडे वळतो. आम्ही पोर्ता सान पाओलो स्थानकातून समुद्राकडे जाणारी लोकल धरली आणि साधारण अर्ध्या तासात ओस्तिया आंतिकाला उतरलो. टायबर नदीच्या मुखाशी वसलेले हे रोमचे जुने बंदर. आमच्यासोबत पुरातत्त्वशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेल्या मार्गदर्शक बाई होत्या. "इथे संगमरवर शोधू नका, विटा पाहा," असे त्यांनी दारातच बजावले. इथला बराचसा संगमरवर मध्ययुगात लोकांनी उचलून नेला आणि उरलेल्यातला पुष्कळसा चुन्याच्या भट्ट्यांत गेला.

पहिला तासभर आम्ही भिंतीच पाहत होतो. टफ या मऊ ज्वालामुखीय दगडाचे लहान चौकोनी तुकडे तिरपे बसवून जाळीसारखी नक्षी साधलेली असेल, तर ती भिंत सहसा आधीच्या काळातली असते. सलग विटांचे थर हेड्रियन सम्राटाच्या कारकिर्दीत, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, सर्वत्र दिसू लागतात. विटांचे हे काम फक्त दर्शनी असते. आतला गाभा चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडगोटे यांच्या काँक्रीटचा असतो. वीट मागच्या बाजूला त्रिकोणी ठेवलेली असल्यामुळे ती या गाभ्यात घट्ट रुतून बसते. काही विटांवर वीटभट्टीचा आणि त्या वर्षीच्या कॉन्सलांच्या, म्हणजे दरवर्षी बदलणाऱ्या सर्वोच्च रोमन अधिकाऱ्यांच्या, नावांचा शिक्का असतो, त्यामुळे वीट कोणत्या वर्षी भाजली हेही कळते. इ. स. १२३ चे शिक्के विशेष विपुल आहेत. अर्थात वीट भाजल्याचे वर्ष म्हणजे इमारत उभी राहिल्याचे वर्ष नव्हे, कारण जुन्या विटा पुन्हा वापरल्या जात, हेही बाईंनी लगेच सांगितले. असा सावधपणा ज्याच्याकडे असतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसतो.

नेपच्यूनच्या स्नानगृहातली काळ्यापांढऱ्या दगडांची फरशी वरच्या कठड्यावरून पाहायची असते. घोड्याचे अंग आणि माशाची शेपटी असलेल्या प्राण्यांच्या रथातून समुद्रदेव निघाला आहे. याच देवाची, ग्रीकांच्या पोसायडनची, कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली आणि ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे, असे मी सांगितले, तेव्हा बाईंनी वही काढून गावाचे नाव अक्षर न् अक्षर लिहून घेतले.

नाट्यगृहामागचा चौक हे ओस्तियाचे खरे वैभव आहे. मध्ये देवळाचा चौथरा आणि तीन बाजूंनी साठेक लहान खोल्या, ज्यांच्यापुढच्या फरशीवर जहाजमालकांची आणि व्यापाऱ्यांची चित्रे व नावे आहेत. उत्तर आफ्रिकेतल्या साब्राथाच्या लोकांनी हत्ती काढला आहे, आजच्या फ्रान्समधल्या नार्बोनच्या जहाजवाल्यांनी जहाज. कार्थेजची माणसे आहेत, तशी दोरखंडांचा धंदा करणारीही आहेत. ही व्यापाऱ्यांची कार्यालये होती, की चौकाच्या डागडुजीसाठी पैसे देणाऱ्या संघांनी आपली नावे तिथे मिरवली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बाईंनी दोन्ही बाजू मांडल्या आणि आपले मत मात्र राखून ठेवले. मला स्वतःला दुसरी शक्यता अधिक पटते, कारण इतक्या लहान खोल्यांत मोठा व्यवहार कसा चालत असेल?

रोमचे पोट भरणारे धान्य आफ्रिका आणि इजिप्तमधून येई. क्लॉडियस सम्राटाने इ. स. ४२ मध्ये उत्तरेला नवे बंदर बांधायला घेतले, पुढे ट्राजन सम्राटाने त्याला षट्कोनी गोदी जोडली, तरी ओस्तियाची गोदामे चालूच राहिली. त्यांतल्या एका मोठ्या गोदामाची जमीन उंचावलेली दिसते. धान्याला ओल लागू नये म्हणून खालून हवा खेळती ठेवण्याची ती सोय होती. तिथून लहान होड्यांत भरलेला माल नदीतून ओढत रोमला नेत. भाड्याने राहणाऱ्यांच्या बहुमजली इमारती, दगडी कट्टा आणि भिंतीवर खाद्यपदार्थांचे चित्र असलेली खाणावळ आम्ही भरभर पाहिली. रोमन काळातल्या सार्वजनिक शौचालयापाशी मात्र नेहमीप्रमाणे सर्वाधिक गर्दी होती.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, प्राचीन किनाऱ्याजवळ, ज्यूंचे प्रार्थनागृह आहे. विमानतळाकडे जाणारा रस्ता बांधताना १९६१ मध्ये ते उजेडात आले. कोरीव दगडांवर सात शाखांचा दीपवृक्ष स्पष्ट दिसतो. तिथे सापडलेल्या एका शिलालेखाचे छायाचित्र बाईंनी पिशवीतून काढले. सुरुवातीला सम्राटाच्या कल्याणाची लॅटिन ओळ, आणि मग धर्मग्रंथाची पेटी अर्पण करणाऱ्याविषयी ग्रीक मजकूर. दात्याचे नाव मिंदिस फाउस्तोस. पण नीट पाहिले तर ते नाव, आधीचे एक नाव खोडून, वेगळ्या हाताने कोरलेले आहे. देणगीदारांच्या पाटीवरून होणारी भांडणे मी गावाकडच्या देवळांत पुष्कळ पाहिली असल्यामुळे मला हसू आले, आणि बाईंना त्याचे कारण समजावून सांगण्यात आमची परतीची पहिली गाडी चुकली.