हँग ऑन फिल्टर घेताय? आधी बघा लाईट गेल्यावर तो काय करतो

फिश टँकच्या ग्रुपवर कोणी नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, दोन फुटी टँक आहे, किती एलपीएचचा (म्हणजे तासाला किती लिटर पाणी फिरवणारा) हँग ऑन घेऊ. आणि मग खाली आकड्यांचा पाऊस, कोणी म्हणतं ५०० बस झाला, कोणी म्हणतं ८०० च्या खाली घेऊच नको. माझं मत विचाराल तर एलपीएच हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की रात्री तुम्ही झोपेत असताना लाईट गेली आणि अर्ध्या तासाने आली, तर हा फिल्टर आपला आपण परत चालू होणार आहे का.

हे जरा नीट सांगतो कारण दुकानदार हे कधीच सांगत नाही. हँग ऑन म्हणजे टँकच्या मागच्या काचेला बाहेरून लटकणारा डबा, त्याची नळी आत पाण्यात, पाणी वर ओढायचं, स्पंजमधून न्यायचं आणि समोरच्या ओठावरून परत टँकमध्ये सोडायचं. आता यात मोटर दोन ठिकाणी असू शकते. एक, डब्याच्या बुडाला, पाण्याच्या बाहेर. अॅक्वाक्लिअर नावाचा फिल्टर असाच आहे. यात सुरुवातीला डब्यात मगभर पाणी ओतून द्यावं लागतं, मग तो पाणी धरतो. लाईट गेली की डब्यातलं पाणी नळीतून उलटं टँकमध्ये उतरतं, डब्यातली आणि टँकमधली पातळी सारखी झाली की थांबतं. टँक काठोकाठ भरलेला असेल तर इम्पेलर, म्हणजे मोटरचा पाणी ढकलणारा छोटा पंखा, पाण्यात बुडलेला राहतो, नळीही भरलेली राहते आणि लाईट आली की गाडी चालू. पण टँकमधलं पाणी खाली गेलेलं असेल किंवा नळीच्या वरच्या वाकात हवा अडकली तर मोटर नुसतीच घरघरत बसते, पाणी काही चढत नाही, आणि सकाळपर्यंत तशीच कोरडी फिरली तर शाफ्टची, म्हणजे तो पंखा ज्या दांडीवर फिरतो तिची, वाट लागते.

दुसरा प्रकार, मोटर नळीसोबत टँकच्या आत पाण्यातच बुडालेली. सीचेम कंपनीचा टायडल फिल्टर असा आहे, तो इटलीची सिचे कंपनी बनवते. यात पाणी ओढायचा प्रश्नच नाही, खालून वर ढकलायचं, त्यामुळे लाईट दहादा गेली तरी दहादा चालू होतो. स्वस्तातल्या फिल्टरमध्येही हे मिळतं, फक्त डबा हातात घेऊन वायर कुठून निघते ते बघायचं. वायर आत बुडणाऱ्या भागातून येत असेल तर मोटर आत आहे, डब्याच्या बुडातून येत असेल तर बाहेर. एवढं ओळखता आलं की अर्धं काम झालं.

आता आमच्या जळगावात उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला टेकतो, हॉलमध्ये कूलर चालू, त्याची हवा थेट टँकवर, मग दोन-चार दिवसांत पाणी दोन बोटं खाली गेलेलं असतंच. म्हणजे लाईट जायचा सीझन आणि पाण्याची पातळी उतरायचा सीझन एकच! पुण्या-मुंबईत लाईट सहसा जात नाही त्यांनी खुशाल बाहेरच्या मोटरचा घ्यावा, चांगलाच असतो, पण आमच्यासारख्यांनी आतली मोटर बघावी, नाहीतर फिल्टर इन्व्हर्टरवर घ्यावा. लहान हँग ऑन पाच-सात वॅट खातो, तेवढ्याने बॅटरीला काही होत नाही. घरातले ओरडतात ते वेगळं.

बरं, एलपीएच. सरळ हिशोब, टँकची लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि १००० ने भागायचं. ६० बाय ३० बाय ३० म्हणजे ५४ लिटर, त्यातून खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी पंचेचाळीसच्या आसपास. ताशी चार ते सहा वेळा एवढं पाणी फिरलं तर गप्पी, मॉली, टेट्रा यांना पुष्कळ झालं. गोल्डफिश घाण फार करतो, त्याला आठ-दहा पट बघा. बेटा म्हणजे फायटर मासा असेल तर उलट, त्याचे एवढे मोठे पर, जोराच्या धारेत बिचारा दिवसभर पोहून पोहून दमतो, त्याला एअर पंपवरचा साधा स्पंज फिल्टर बरा. आणि खोक्यावरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो हे लक्षात ठेवा, आत स्पंज, सिरॅमिक रिंग भरल्या आणि महिनाभराचा गाळ बसला की तो बराच खाली येतो. म्हणून एक साईझ वरचा घ्यायचा आणि धार कमी करायचा खटका आहे का ते बघायचं.

पण एलपीएचपेक्षा मी डब्याच्या पोटाकडे बघतो. बारीक, चपटे, दिसायला छान फिल्टर येतात ना, आत एक कार्ट्रिज, पांढरी लोकर आणि त्यात चमचाभर कार्बन, ते मला अजिबात पटत नाहीत. कंपनी म्हणते दर महिन्याला कार्ट्रिज बदला. अहो, फिल्टरचं खरं काम गाळ अडवणं नाहीच, माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून जो अमोनिया होतो त्याचा आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया सांभाळणं हे खरं काम, आणि ते बसतात स्पंजवर. त्यांना बस्तान बसवायला चार-सहा आठवडे लागतात आणि तुम्ही महिन्याला कार्ट्रिज कचऱ्यात टाकणार, मग दोन दिवसांनी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि लोक म्हणतात पाण्यात काहीतरी आलं.

त्यापेक्षा सरळ बादलीसारखं पोट असलेला घ्या, ज्यात आपल्या मनासारखं भरता येतं. आधी जाड छिद्रांचा स्पंज, मग सिरॅमिक रिंग जाळीच्या पिशवीत, बस. कार्बन रोज लागत नाही, औषधाचा कोर्स संपल्यावर पाणी साफ करायला लागतो, आणि औषध चालू असताना तर काढूनच ठेवायचा कारण तो औषध ओढून घेतो. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळून, नळाखाली नाही, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या बॅक्टेरियांना मारतं. पिळताना पाणी चहासारखं तपकिरी निघतं, ते बघून घाबरायचं नाही. गप्पीची पिल्लं किंवा झिंगे असतील तर आत ओढणाऱ्या नळीच्या टोकाला एक स्पंज चढवा, नाहीतर पिल्लं डब्यात सापडतील.

घ्यायच्या आधी टेप घेऊन टँकच्या मागे बघा. हँग ऑनला भिंत आणि काच यांच्यात दहा-बारा सेंटीमीटर जागा लागते आणि आपल्याकडे टँक भिंतीला चिकटवून ठेवायची पद्धत आहे, भरलेला टँक नंतर सरकवता येत नाही. काचवाल्याकडून बनवलेल्या टँकला वरून काचेची पट्टी मारलेली असते, तिच्यावर फिल्टरचा हूक बसत नाही. वर टॉप कव्हर असेल तर मागून कापावं लागेल. या तीन गोष्टींवर आणलेले फिल्टर परत गेलेले आहेत. आणि वायरला बोर्डाच्या खालपर्यंत झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

अजून एक, कोणाचा भाऊ, मेहुणा अमेरिकेत असतो आणि तो म्हणतो इथे स्वस्त आहे, येताना आणतो. आणू देऊ नका. तिथला फिल्टर ११०-१२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०, थेट लावला की संपला. कन्व्हर्टर लावला तरी ही मोटर करंटच्या ६० हर्ट्झवर फिरायला बनवलेली, आपल्या ५० वर ती हळू फिरते, म्हणजे पाणीही कमी. बरं त्या अॅक्वाक्लिअरवरचे २०, ३०, ५० हे आकडे गॅलनचे असतात, लिटरचे नाहीत, ३० वाला म्हणजे साधारण ११३ लिटरपर्यंतच्या टँकचा.

बोअरचं पाणी असेल तर इम्पेलरवर क्षार बसतात, फिल्टर घरघरायला लागतो आणि लोक नवीन घेतात. इम्पेलर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, चांगलं धुवा आणि मग लावा, बहुतेक वेळा आवाज जातो. काढताना शाफ्ट जपा, बऱ्याच फिल्टरमध्ये तो सिरॅमिकचा असतो आणि पटकन तुटतो. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारायचं, इम्पेलर सुटा मिळतो का. तो इकडे-तिकडे बघायला लागला तर दुसरं मॉडेल काढायला सांगा.