जॉब कार्डावरचा ‘आर३३’

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची यंत्रांचे पॉवर सप्लाय दुरुस्त करण्याची छोटी कार्यशाळा आहे. एका सोमवारी तेथे २४ व्होल्टचा एक सप्लाय आला. त्याचा मॉस्फेट (वीज वेगाने चालू-बंद करणारा स्विच) आणि त्याला चालवणारी यूसी ३८४२ ही आयसी दोन्ही गेले होते, आणि मॉस्फेटच्या सोर्स या टोकाकडचा मोठा चिप रेझिस्टर ओपन झाला होता, म्हणजे आतून तुटला होता. बोर्डावर छापलेला त्याचा क्रमांक जळून गेला होता, तरी त्याच्या अंगावरचे ‘आर३३’ मात्र स्पष्ट वाचता येत होते. मी जॉब कार्डावर ‘मॉस्फेट, आयसी, आर३३ बदलणे’ एवढेच लिहून बाहेरच्या कामाला गेलो.

परतलो तेव्हा सप्लाय सिरीज बल्बवर, म्हणजे चाचणीसाठी वाटेत जोडलेल्या बल्बमधून, लावलेला होता. बल्ब पेटत नव्हता, म्हणजे शॉर्ट उरला नव्हता. पण आउटपुटही नव्हते, नुसती टिकटिक चालली होती. आयसीचा पुरवठा १६ व्होल्टपर्यंत चढे, १० वर घसरे आणि पुन्हा चढे. जळक्या जागी तपकिरी, काळ्या, नारिंगी पट्ट्यांचा, म्हणजे १० किलोओहमचा, पाव वॉटचा रेझिस्टर लावलेला दिसला. आमच्या शिकाऊ मुलाला विचारले, तर तो म्हणाला, “सर, तुम्हीच आर३३ लिहिलं होतं. डायग्राममध्ये आर३३ दहा के आहे.”

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. डायग्राममधला आर३३ हा जागेचा क्रमांक होता आणि अंगावरचा आर३३ ही किंमत: ०.३३ ओहम. झेरॉक्समध्ये टिंब उडून ४.७ चे ४७ होऊ नये म्हणून टिंबाच्या जागी अक्षर घालतात. ‘४के७’ म्हणजे ४.७ किलोओहम. आयईसी ६००६२ या मानकात ही पद्धत आहे. पण ओहमसाठी नेमके आर हेच अक्षर असावे, हे मला आजही खटकते. अक्षर नसले तरी चकवा टळत नाही, कारण चिपवरचे ‘१००’ म्हणजे १०च ओहम. तिसरा अंक शून्यांची संख्या सांगतो. मीही त्यात एकदा फसलो आहे.

यूसी ३८४२ या रेझिस्टरवरचा व्होल्टेज आपल्या सेन्स पिनने मोजते आणि तेथे १ व्होल्ट आला की मॉस्फेट बंद करते. ०.३३ ओहमवर ती मर्यादा सुमारे ३ अँपिअरला येते. १० किलोओहमवर ०.१ मिलिअँपिअरलाच. सप्लाय उठणार कसा?

०.३३चा रेझिस्टर आमच्याकडे नव्हता, म्हणून एक ओहमचे, एक वॉटचे तीन समांतर जोडले. टिकटिक थांबली आणि मीटरवर २४ व्होल्ट दिसले. डायग्राम पाहून मी कार्डावरची ओळ खोडली आणि लिहिले: ‘जागा आर९, किंमत ०.३३ ओहम.’