बांधावरचे सहा बांबू

माझं काम तसं कंटाळवाणं आहे. जमिनीची मोजणी चालू असताना बाजूला उभं राहायचं, कोण काय म्हणालं ते लिहून घ्यायचं आणि संध्याकाळी टाइप करायचं. एका संशोधन प्रकल्पासाठी दीड वर्ष मी हेच केलं, मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यात. इंडोनेशियात 2017 पासून गावंच्या गावं सलग मोजून प्रत्येक तुकड्याला मालकीचं प्रमाणपत्र देण्याची मोठी मोहीम चालू आहे. गावकऱ्याला तयारीचा खर्च म्हणून जावा आणि बालीत दीड लाख रुपियाह द्यावे लागतात. आकडा ऐकून दचकू नका, आपले आठशे रुपये होतात.

वडील तलाठी होते, त्यामुळे सातबारा मी पाटीपेन्सिलीच्या वयात पाहिलेला. जावाचे कागद हातात आले तेव्हा तर हसूच आलं. वारसाला ‘आह्ली वारिस’, हक्काला ‘हाक’, साक्षीदाराला ‘साक्सी’. गावाला ‘देसा’. अर्धा फॉर्म मला न शिकताच वाचता येत होता, आणि घोळ तिथेच झाला.

त्या दिवसाची मोजणी खरं तर जवळजवळ तीन आठवडे आधी व्हायची होती. ती तारीख म्बाहनी, म्हणजे घरच्या आजींनी, मोडून काढली. आपल्या सात वारांच्या जोडीला जावाच्या लोकांचे पाच बाजारवार असतात: लगी, पाहिंग, पॉन, वागे, क्लिवॉन. दोन्हींची जोडी जुळून पस्तीस दिवसांचं एक चक्र होतं. नवरा गेला तो बुधवार-पॉन. तो वार घरात पुन्हा येतो तेव्हा कुठलंही मोठं काम काढायचं नाही. कार्यालयातल्या पोराने वैतागून तारीख खोडली आणि नवी तारीख पडली ती नेमकी नवऱ्याच्या हजाराव्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी. हजारावा दिवस म्हणजे मृताचा शेवटचा विधी, त्यानंतर कबरीवर कायमचा दगड बसवतात. चारही मुलं घरी असणार होती, म्हणून सगळ्यांना हीच तारीख सोयीची वाटली.

मी सकाळी जोग्जाहून, म्हणजे योग्यकार्ता शहरातून, स्कूटरवर निघाले. सोलोच्या हमरस्त्यावर प्राम्बाननची हिंदू मंदिरं डावीकडे टाकली की थोड्याच वेळात क्लातेनची हद्द लागते. आत वळलं की पाटाचं पाणी रस्त्याच्या कडेने सोबत करतं. या भागात जिवंत झरे पुष्कळ, म्हणून वर्षाला भाताची तीन-तीन पिकं निघतात. उजाडताना पाठीमागे मेरापी ज्वालामुखी स्वच्छ दिसतो. नऊ वाजले की ढगात गडप.

घरात रात्रीच्या प्रार्थनेच्या चटया अजून अंथरलेल्याच होत्या. उरलेले आपेम, तांदळाच्या पिठाचे मऊ घावनासारखे गोळे, मला बळेच खायला घातले. थोरला मुलगा लाम्पुंगहून आला होता. डचांनी 1905 साली गर्दीच्या जावातून शेतकरी कुटुंबं उचलून सुमात्रावर बसवायला सुरुवात केली ती याच लाम्पुंगमध्ये, आणि स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनीही तोच कित्ता गिरवला. बस, मग सामुद्रधुनीतली फेरी, मग पुन्हा बस. डोळे तांबारलेले होते त्याचे. धाकटा मुलगा जकार्ताजवळच्या बकासीत, कारखान्यात. थोरली मुलगी आईजवळच राहते. धाकटी जोग्जाच्या बेरिंगहार्जो बाजारात पाठीवर पोती वाहते. एका खेपेला चाळीस-पन्नास किलो, कापडी झोळीत, कपाळाला नव्हे तर छातीशी गाठ मारून. लोकलने रोज जाऊन-येऊन.

शेत जेमतेम वीस गुंठे. पाटाला लागून अठ्ठावीस मीटर, खोल सत्तर मीटर. कापणी झालेली होती, नुसती खुंटं. पहिला तासभर बाहेरच्या हद्दीत गेला. चारी बाजूंचे शेजारी बांधावर उभे राहतात, ‘इथवर तुझं, इथून माझं’ असं तोंडाने कबूल करतात आणि सही करतात. कायद्यात या पद्धतीचं नाव अजून डचांनी ठेवलेलंच आहे. एका शेजाऱ्याने वीतभर बांध कोरला होता, तो त्याने स्वतःच हसून दाखवला आणि मोजणीदाराने खांब वीतभर पलीकडे रोवला. आमच्याकडे यावर तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

मग थोरल्याने घरामागून सहा बांबू आणले. छातीएवढे, टोकं तासलेली, सकाळीच तोडलेले. आतल्या वाटण्यांसाठी.

‘सपिकुल सगेंदोंगान,’ तो म्हणाला. जावातली जुनी म्हण. मुलाला कावडभर, मुलीला पाठीवर मावेल तेवढं. दोन पारडी आणि एक झोळी, म्हणजे दोनास एक. सहा भाग करायचे, मुलांना दोन-दोन, मुलींना एकेक. पाणी सगळ्यांना मिळावं म्हणून पाटापासून उभ्या पट्ट्या. मुलींच्या पट्टीला साडेचार मीटरच्या वर थोडीशी रुंदी येत होती. नांगरटीचं हातयंत्र वळवायचं झालं तर शेजारच्या पट्टीत उतरावं लागेल, एवढीच.

धाकटी म्हणाली, ‘मला काय, पाठीवर वाहायची सवयच आहे.’ सगळे हसले. तीही हसली, पण बांधावरचं गवत उपटत राहिली.

मोजणीदाराने म्बाहना विचारलं. त्या टोकदार टोपी मांडीवर घेऊन बांधावर बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘इंग्गिह.’

इंग्गिह म्हणजे हो, तेही आदराने म्हटलेलं हो. मी वहीत लिहिलं, ‘आईची संमती.’ वरच्या रकान्यात, मालमत्ता कुणाकडून आली, तिथे लिहिलं, ‘पतीकडून.’ घरपट्टीसारखी जी वार्षिक कराची पावती येते ती मृत नवऱ्याच्या नावावर होती, सकाळीच पाहिली होती मी. दुसरं काही विचारायचं मला सुचलंही नाही.

दुपारी सगळे ग्रामकार्यालयात गेलो. म्बाह लेकीच्या मोटारसायकलवर एकबाजूला बसून. चारिक, म्हणजे गावाचे सचिव, त्यांनी कपाटातून लेटर सी काढलं. हे गावाचं जुनं कराचं पुस्तक. कुणाच्या नावावर किती भातजमीन, किती कोरडवाहू, आणि शेवटी आपल्या फेरफारासारखा एक रकाना: बदल का झाला, कधी झाला. सातबाऱ्यासारखीच ही महसुली नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. पण वाद उठला की सगळे आधी तिकडेच धावतात.

चारिकनी पान उलटलं, चष्मा वर सरकवला आणि मला हळूच म्हणाले, ‘म्बाक (म्हणजे ताई), इंग्गिह लिहून घेतलंत ना? ते ऐकल्याचं इंग्गिह होतं.’

मग बोट ठेवलं. वरचं नाव म्बाहच्या सासऱ्यांचं नव्हतं, वडिलांचं होतं. बदलाच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलेलं होतं, मुलीकडे गेली. पुढे मुलीचं नाव. तेच नाव धारण करणारी बाई समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून फार गोड, काळाकुट्ट चहा पीत होती.

जावात लग्नात जो जे घेऊन येतो ते ‘गावान’, ज्याचं त्याचंच राहतं. संसारात दोघांनी मिळून कमावलं ते ‘गोनो-गिनी’. शेत गावान होतं. नवऱ्याने पन्नास वर्षं कसलं, कर भरला, म्हणून पावतीवर त्याचं नाव. त्याच्या मागे वाटायला खरं म्हणजे मागची वाढवलेली खोली, गाय आणि मोटारसायकलच होती.

थोरल्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ‘आजोबांचं ते आजोबांचं, पण एवढी वर्षं सगळं एकच तर होतं,’ तो म्हणाला. चुकीचं बोलला असंही मला वाटलं नाही. लाम्पुंगमध्ये त्याचा स्वतःचा मुलगा लग्नाला आला होता.

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर भावाने हक्कसोडीचा कागद पुढे करून ‘हरकत नाही ना गं?’ विचारलं होतं, तेव्हा मीही ‘हं’ म्हणाले होते. 2005 च्या कायद्याने माझा वाटा भावाएवढाच होता, हे तलाठ्याच्या मुलीला कुणी सांगायची गरज नव्हती. लेखनिकाने माझं ते ‘हं’ छान टाइप केलं होतं.

थोरला बाहेर जाऊन लवंगी सिगारेट ओढून आला. दारातूनच विचारलं, ‘मग काय करायचं, म्बोक?’ म्बोक म्हणजे आई.

म्बाहनी कप खाली ठेवला. ‘मी आहे तोवर एकच राहू दे. माझ्या नावावर कर. नंतर कलिंगडासारखं कापा.’ सिगार समांग्का, कापलेलं कलिंगड. मुलगा-मुलगी सारखं वाटायचं तर जावात हाच शब्द वापरतात. एवढं बोलून माझ्याकडे वळल्या. ‘न्दुक, हे पण लिही.’

न्दुक म्हणजे पोरी. मी आधीच्या दोन्ही ओळी खोडल्या. शाई ओली होती, पान फाटलं.

बांबू परत घरी नेताना थोरल्याला उचलू लागले. एक शब्द बोलला नाही. रात्री त्याची बस होती. आईने त्याच्या पिशवीत तांदूळ आणि टेम्पे कोंबले, तो नको नको म्हणत होता.

तीन महिन्यांनी प्रमाणपत्रं वाटली तेव्हा पुन्हा गेले. भात पिवळं झालं होतं आणि उभं पीक विकत घेणारा एक दलाल बांधावर म्बाहशी हुज्जत घालत होता. त्या दर सोडायला तयार नव्हत्या. मी परसात पाणी प्यायला गेले. चवळीच्या हातभर लांब शेंगांचे वेल बांबूंवर चढले होते. मोजले, पाचच.

‘सहावा?’ मी थोरल्या लेकीला विचारलं.

‘गायीला,’ ती म्हणाली.