तिसऱ्या दिवशीचे पोहे

हिरड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी पेशंटचा फोन आला, तर तो बहुधा गाल सुजल्याचा. काकांचा फोन मात्र ताज्या रक्ताचा होता. मी लगेच यायला सांगितलं.

काका साठीचे, इंदूरचेच. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. खालच्या डाव्या दाढांमागे प्रोब, म्हणजे हिरडी आणि दातामधली खोली मोजायची बारीक सळई, ७ मिमी आत जात होता. निरोगी हिरडीत तो १ ते ३ मिमीच जातो. आधी स्केलिंग आणि रूट प्लेनिंग, म्हणजे दात आणि मुळं खरवडून सफाई, करून सहा आठवडे वाट पाहिली. बाकी ठिकाणी हिरडी आवळली, दाढेमागचा पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दातामधली खोल फट, तसाच राहिला. इतक्या खोलवर, विशेषतः मुळांच्या फाट्यात, कीटण (दातावर चिकटलेला कडक थर) हिरडी न उघडता पूर्ण निघत नाही. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ७ टक्क्यांच्या आसपास आल्यावरच फ्लॅपची, म्हणजे हिरडी उचलून आत साफ करायच्या शस्त्रक्रियेची, तारीख दिली.

ॲड्रिनलिनयुक्त २ टक्के लिग्नोकेनने भूल देऊन हिरडी दातांच्या कडेकडेने कापली आणि हाडापासून उचलली. आतलं दाणेदार, रक्ताळ ऊतक आणि मुळांवरचं काळं कीटण काढलं. हाडातला खड्डा तीन बाजूंनी भिंती असलेला होता. असा खड्डा बोन ग्राफ्ट, म्हणजे हाड भरून यावं म्हणून टाकलेली भर, धरून ठेवतो, म्हणून तो टाकला. एकाच भिंतीचा असता तर मी ग्राफ्ट टाकलाच नसता. मग हिरडी जागेवर बसवून रेशमी टाके घातले, वरून पॅक, म्हणजे जखम झाकणारा लेप, लावला.

आता तो पॅक मागच्या बाजूने तुटला होता. एक टाका सैल, हिरडीची कड उचललेली आणि तिच्याखाली पिवळा कण.

"काका, काय खाल्लंत?"

"पोहेच खाल्ले, डॉक्टरसाहेब. मऊ असतात म्हणून."

"वर शेव होती?" हा प्रश्न इंदुरात विचारावाच लागतो. काकूंनीच मान हलवली. शेव अडकली म्हणून काकांनी गाल ओढून आरशात पाहिलं आणि टूथपिक घातली होती. खरं नुकसान शेवेने नव्हे, गाल ओढल्याने आणि टूथपिकने केलं. पहिल्या आठवड्यात हिरडी मुळाला धरून असते ती मुख्यतः रक्ताच्या पातळ गुठळीने आणि टाक्यांनी. गाल ओढला की गुठळी फाटते.

सुदैवाने ग्राफ्ट जागेवर होता. भूल देऊन सलाइनने हलक्या हाताने धुतलं, नवा टाका घेतला आणि ओल्या गॉजने तीन मिनिटं दाबून धरलं. हे दाबणं घाईत उरकू नये. हिरडीखाली जाड गुठळी राहिली तर ती चिकटायला उशीर होतो आणि जंतूंना जागा मिळते.

काकूंना सगळं पुन्हा लिहून दिलं. टाके निघेपर्यंत खिचडी, दहीभात, दलिया, तेही कोमट. शेव, जिरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला), तिखट बंद. उजव्या बाजूनेच चावायचं. त्या भागात ब्रश नाही, क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के या जंतुनाशकाच्या गुळण्या, १० मिली, दिवसातून दोनदा, जोरात न खळखळवता. बाकी दात घासल्यावर अर्धा तास थांबून ते घ्यायचं, कारण पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा जोर कमी होतो. दातांवर तपकिरी डाग पडतील, ते पॉलिशने जातात. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम रेंगाळते; काका खात नव्हते, ही मोठी जमेची बाजू. थुंकीत गुलाबी छटा पहिल्या दिवशी चालते. नंतर ताजं रक्त, ताप किंवा वाढत जाणारी कळ असेल तर वाट पाहायची नाही.

काकूंनी विचारलं, पुढच्या दातांवर वाढलेली हिरडीही कापायची का? ती वाढ रक्तदाबाच्या अम्लोडिपिनमुळेही होऊ शकते. त्यांच्या फिजिशियनशी बोललो. त्यांनी औषध बदललं. काही महिन्यांनी उरेल तेवढीच जिंजिव्हेक्टमीने, म्हणजे वाढलेली हिरडी कापून, काढू. ती जखम उघडीच राहते, कडांकडून भरत येते, म्हणून फ्लॅपपेक्षा जास्त चुरचुरते.

दहाव्या दिवशी टाके काढले. कड चिकटली होती, हिरडी मात्र थोडी खाली बसली होती. सूज उतरल्यावर असं होतंच, आणि उघड्या पडलेल्या मुळाला गार पाणी झोंबतं. त्यासाठी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिली. ग्राफ्टच्या जागी प्रोब मात्र सहा महिने घालायचा नाही.