झाकण उघडणारी यंत्रं

शनिवार, रात्री उशिरा

क्वाड, म्हणजे माझा जुना इंग्लिश अँप्लिफायर (अँप), आज बोलायला लागला. डाव्या बाजूची खरखर गेली, मागे सतत येणारं घुमणं गेलं. आवाज वाढवला तरी गाणं सुरू होईपर्यंत खोलीत काही नाही.

हे सगळं सामान मामाचं. मामा बोटीवर नोकरीला होता. सत्तरच्या दशकात इंग्लंडातून त्याने क्वाड ३३ हा प्रीअँप (आवाज कमी-जास्त करायचा भाग), ३०३ हा पॉवर अँप (स्पीकरला ताकद देणारा भाग) आणि गॅरार्ड ४०१ हे रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल आणलं. तो गेल्यावर मामी म्हणाली, "तूच घेऊन जा बाई, तुझ्याकडे निदान वाजेल तरी." आणलं, पण वाजण्याच्या अवस्थेत काही नव्हतं.

ठाण्यात नौपाड्यातले एक काका आहेत. तरुणपणी मर्फी रेडिओच्या ठाण्यातल्या कारखान्यात होते, मग आयुष्यभर रेडिओ आणि अँप दुरुस्त केले. आता नवी कामं घेत नाहीत, डोळ्यांना झेपत नाही म्हणतात. पण क्वाडचं नाव काढल्यावर म्हणाले, "घेऊन ये, बघू तरी."

मी प्लग थेट भिंतीत लावायला निघाले होते, तर त्यांनी हात धरला. "अगं, थांब. इतकी वर्षं निजलेला माणूस कुणी गार पाणी ओतून उठवतं का?" मग त्यांनी सिरीज बोर्ड काढला. लाकडी फळी, तिच्यावर एक होल्डर, त्यात शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब. अँपला जाणारी वीज त्या बल्बातूनच जाणार. बटण दाबलं. बल्ब एकदम पेटला, आत वीज साठवणारे कंडेन्सर भरत गेले तसतसा उतरला आणि तारेपुरता लालसर राहिला. "हा असाच भगभगत राहिला असता ना, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असं समजायचं. मग झाकण काढल्याशिवाय पुढे जायचं नाही."

झाकण तर काढलंच. ३०३ आतून इतका नीटनेटका आहे की मला पहिल्यांदा पाहताना हरखून जायला झालं. दोन चॅनेलचे (डाव्या आणि उजव्या बाजूचे) दोन वेगळे बोर्ड, पुरवठ्याचा तिसरा. प्रत्येक रेझिस्टन्सवरचे, त्याचा आकडा सांगणारे रंगपट्टे डोळ्यांनी वाचता येतात. काकांच्या मांडीवर सर्किटचा झेरॉक्स. त्यातली खूण आणि बोर्डावरचा भाग एकमेकांना बरोबर जुळतात. क्वाडची सर्व्हिस शीट (दुरुस्तीचा कागद) अशी होती की कुणीही कारागीर ती समोर ठेवून काम करू शकेल.

या अँपमध्ये स्पीकरच्या वाटेवर दोन हजार मायक्रोफॅरडचा एक मोठा कंडेन्सर बसवलेला असतो, प्रत्येक चॅनेलला एक. पुरवठा एकाच बाजूचा, ६७ व्होल्ट. म्हणजे आउटपुटला कायम त्याच्या निम्मे, साडेतेहतीस व्होल्ट उभे असतात. ते थेट स्पीकरला गेले तर कॉइल जळून खाक होईल. कंडेन्सर ते अडवतो आणि फक्त गाणं पुढे सोडतो. आमच्या डाव्या चॅनेलचा हाच सुकला होता. नवा बसवला, तोच आकडा, पण आकाराने निम्मासुद्धा नाही. मग काकांनी मीटर लावून पुरवठ्याच्या बोर्डावरचा, व्होल्ट जुळवायचा छोटा प्रीसेट स्क्रूड्रायव्हरने केसभर केसभर फिरवला. ६४, ६५, ६६.३. शेवटच्या टप्प्यात त्यांनी श्वास रोखून धरला होता. ६७ आले तेव्हा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "आता याला वीस वर्षं बघायला नको."

रविवार

सकाळपासून गॅरार्ड. आयडलरचं (मोटरची गती थाळीला पोचवणाऱ्या चाकाचं) रबर कडक झालंय, ते बदलावं लागेल, पण तोपर्यंत चालतंय. थाळीच्या कडेला ठिपक्यांच्या रांगा आहेत आणि बाजूला निऑनचा छोटा दिवा. दिवा विजेच्या लयीत लुकलुकतो. वेग बरोबर असला की ठिपके जागच्या जागी उभे दिसतात, नसला तर पुढे किंवा मागे सरकतात. मग बाजूच्या मुठीने वेग जरासा कमी-जास्त करून ते थोपवायचे.

इंग्लंडची वीज ५० हर्ट्झची, आपलीही ५०. त्यामुळे हे यंत्र इथे विनातक्रार चालतं. कोकणातल्या कितीतरी घरांत सौदीहून आलेली रेकॉर्ड प्लेअरं होती, तिथली वीज ६० हर्ट्झची. मोटर विजेच्या लयीवर धावणारी असेल आणि पुली बदलली नसेल, तर इथे तबकडी सहातला एक हिस्सा हळू फिरते. काळी एकमध्ये गाणारी बाई मंद्रातल्या काळी पाचच्याही किंचित खाली उतरते. अशा यंत्रावर गाणं ऐकून "आवाज किती भारदस्त" म्हणणारे लोक मी पाहिलेत. आवाज भारदस्त नव्हता, मोटर उपाशी होती.

दुपारी मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी लावली. जवळजवळ पाऊण तास दुसरं काही केलं नाही. बाजू संपली की उठावं लागतं, उलटी करावी लागते, सुई पुसावी लागते. हे उठणं मला कधी जाच वाटलं नाही.

मंगळवार

नव्याबद्दल प्रामाणिकपणे लिहायला हवं, म्हणून आज ऑफिसातून निघून मुंबईत एका शोरूममध्ये ठरवून ऐकायला गेले. एका टोकाचं ऐकून दुसऱ्याविषयी बोलणं मला पटत नाही.

स्पीकर माझ्या खांद्याएवढे. अँप क्लास डीचा (वीज कमी वाया घालवणाऱ्या नव्या पद्धतीचा), शेकडो वॉटचा, आणि वर हात ठेवला तर कोमट सुद्धा नाही. माझा ३०३ पंचेचाळीस वॉटमध्ये चांगला तापतो. त्यांनी खोलीत माइक ठेवून मोजणी केली आणि त्या खोलीचे कोपरे खर्जात जी घुमघुम भरतात ती संगणकाने काढून टाकली. मग किशोरीताई आमोणकरांचं गाणं लावलं. तंबोऱ्याची जवारी (तारेचा भरलेला गुंजारव) इतकी स्वच्छ आली की तारेखालचा दोरा कुठे बसलाय ते बोट दाखवून सांगता आलं असतं. तबल्याच्या डग्ग्याला तळ होता, नुसता धप्प आवाज नव्हता. श्रोत्यांतला कुणीतरी खाकरला तो कुठल्या बाजूला बसला होता तेही कळलं.

मोजमापात नवं जिंकतं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. सीडीच्या १६ बिटांत मोठ्या आणि लहान आवाजातलं अंतर ९६ डेसिबलपर्यंत जातं. एलपीला साठ-सत्तर मिळाले तरी पुष्कळ. जुन्या यंत्रात काहीतरी गूढ आहे, जे मीटरला सापडत नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही. मीटरला सगळं सापडतं.

लोक वाखाणतात ती व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँपची ऊबसुद्धा सापडते. तो मूळ स्वरात थोडी भर घालतो, आणि ती भर बहुतेक दुपटीच्या कंपनाची असते. दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. सा गायलात की त्याला हलकासा तार सा चिकटतो. तिपटीची भर असेल तर तार पंचम. आपल्या कानाला हे परकं कसं वाटेल? तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकायला शिकलेला कान आहे हा. म्हणून व्हॉल्व्हवर गाणं भरलेलं वाटतं. ती खोट आहे, पण सुरेल खोट आहे, आणि ती आवडण्यात मला काही गैर दिसत नाही.

पण माझा ३०३ व्हॉल्व्हचा नाहीच. १९६७ साली बाजारात आलेला ट्रान्झिस्टरचा अँप आहे, आणि क्वाडच्या पीटर वॉकर यांनी तो मुद्दाम असा बांधला की त्याने स्वतःची काही भर घालू नये. मग माझा जीव त्यात का अडकलाय, हे ऊब म्हणून सुटत नाही.

बुधवार

कालच्या प्रश्नावर दिवसभर डोकं चाललं. लोकलमध्ये थोडं सुचलं.

माझे स्पीकर बीबीसीच्या आराखड्याचे आहेत, एलएस३/५ए. बुटांच्या खोक्याहून थोडे मोठे. बाहेरगावी ध्वनिमुद्रणाला जाणाऱ्या गाड्यांमध्ये मोठा स्पीकर मावत नसे आणि हेडफोनवर निर्णय घ्यायचा नसे, म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी हा घडवला. गाडीत बसलेल्या माणसाला निवेदकाचा आवाज खरा वाटला पाहिजे, ही मुख्य अट. त्यामुळे माणसाचा गळा हा स्पीकर फार नेमका दाखवतो. खाली त्याला खर्ज नाही, डग्ग्याचं पोट त्यात मावत नाही, हे उघड आहे. पण ख्याल ऐकताना गवई समोर बसलेला असतो.

आणि १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये बीबीसीने या स्पीकरवरचा अहवाल छापून टाकला. एवढ्याशा खोक्यासाठी काय काय केलं, का केलं, सगळं. मग परवाना घेऊन कितीतरी कंपन्यांनी तो बनवला आणि कुणाचाही घेतला तरी आवाज ठरलेल्या मर्यादेतच असला पाहिजे, असा नियम.

इथे मला माझं उत्तर मिळालं. या यंत्रांवर माझा जीव आहे तो ती सांगून-सवरून बनवलेली आहेत म्हणून. सर्किट कागदावर आहे. भाग हाताने निघतो. बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं की एक दिवस हे बिघडेल, कुणीतरी झाकण काढेल, आणि त्या अनोळखी माणसाला आतलं समजलं पाहिजे. इंग्लंडात हंटिंग्डनमधल्या क्वाडच्या त्या अभियंत्याने नौपाड्यातल्या काकांचा विचार करून ठेवला होता. दोघांची कधी गाठ पडली नाही, पण काम पुरं झालं.

शुक्रवार

आज थोडा राग. काही वर्षांपूर्वी मी एक महागडा स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र) घेतला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं अखंड कातलेलं खोकं, दिसायला देखणं, वाजायलाही सुंदर. कंपनीने त्याचं अ‍ॅप बंद केलं. खोक्यातला एकही भाग बिघडलेला नाही, वीज येते, दिवा लागतो, पण त्याला गाणं लाव म्हणून सांगायची सोय उरली नाही. सर्किट मागितलं तर ते देत नाहीत. काकांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. "याला स्क्रूच नाही गं." त्यांच्या बोलण्यात जे वाईट वाटणं होतं, ते मला लागलं.

दोष नव्या तंत्राचा नाही. क्लास डीचा अँपही सर्किट देऊन, सुटे बोर्ड ठेवून विकता येतो, आणि काही लहान कंपन्या तसं करतातही. दोष विकणाऱ्याच्या वृत्तीचा आहे. आपल्याकडे २०२२ साली ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, चांगलं झालं. पण लाखांनी पैसे घेणाऱ्या हाय-एंड कंपन्यांनी तरी कायद्याची वाट का बघावी? ज्याची किंमत गाडीएवढी आहे त्याच्याबरोबर सर्किटचे चार कागद आलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

शनिवार

जुनं ते सोनं असं कुणी म्हणायला लागलं की मी सावध होते. ऐंशीच्या दशकात मोठमोठे दिवे आणि खोटे वॉट छापलेलं कितीतरी भिकार सामान बाजारात होतं, ते आजही भिकारच वाजतं. चोर बाजारात आता कुठल्याही लाकडी खोक्याला व्हिंटेज म्हणतात आणि किंमत दुप्पट सांगतात. फोमच्या कडा असलेला जुना स्पीकर घेताना बोटाने कड दाबून बघावी. कुरकुरली, पावडर झाली, तर ती कड बदलून घ्यावी लागेल. रबराची कड असेल तर बहुधा टिकलेली असते. आणि वर्षानुवर्षं बंद असलेला व्हॉल्व्हचा सेट सिरीज बोर्डाशिवाय लावू नये. आत दोन-तीनशे व्होल्ट असतात, बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये उरतात.

मोठ्या कंपन्यांनाही लोकांची ओढ कळली आहे. टेक्निक्सने २०१० मध्ये बंद केलेलं एसएल-१२०० हे टर्नटेबल २०१६ मध्ये पुन्हा आणलं. क्वाडने ३३ आणि ३०३ ही जोडी २०२४ मध्ये नव्याने बाजारात आणली. आणि मला सगळ्यात आनंद देणारी गोष्ट पुण्याची आहे. टोनआर्मसाठी (सुई धरणाऱ्या दांड्यासाठी) जगभर नावाजलेली इंग्लंडची एसएमई कंपनी २०१६ मध्ये पुण्याच्या अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाने घेतली, पुढे गॅरार्डचं नावही घेतलं, आणि एसएमईच्या कारखान्यात गॅरार्डचे जुने ३०१ सुटे करून पुन्हा नव्यासारखे बांधले जाऊ लागले. ती किंमत माझ्या आवाक्यातली नाही. पण १९५४ साली बाजारात आलेलं टर्नटेबल आज पूर्ण उघडून परत बांधता येतं, कारण तेव्हा ते तसं बांधलं होतं.

काकांना आज विचारलं, मला शिकवाल का. आधी म्हणाले, "तुला वेळ कुठेय?" मग म्हणाले, "रविवारी सकाळी ये. पहिले दोन महिने नुसतं सोल्डरिंग. ड्राय (नीट न धरलेला) डाग दिसला तर बोर्ड परत देणार." मी हो म्हटलं. क्वाड ३३ चे सुटे बोर्ड मीच साफ करणार आहे, त्यांच्यासमोर.

सोमवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचंय. यादी: ६०-४० चं सोल्डर, डिसोल्डरिंग पंप, पाच पिनांचे डीन प्लग, ६३ व्होल्टचे शंभर मायक्रोफॅरडचे कंडेन्सर, कॉन्टॅक्ट क्लीनर. आणि माझ्या स्वतःच्या सिरीज बोर्डासाठी एक होल्डर आणि शंभरचा बल्ब, मिळाला तर दोन.