२५ टक्क्यांवर दिसलेली कसर

बिल करायला बसले नसते, तर ही चूक मला कधी कळलीच नसती.

मोडी वाचून देण्याचं काम मी घरूनच करते. लिपी शिकले पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या वर्गात, निव्वळ हौस म्हणून. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला आणि माझ्या हौसेचा धंदा झाला. आता बहुतेक काम वकिलांकडून येतं. जमिनीचे जुने कागद, स्कॅन करून पीडीएफमध्ये. काही जण नुसता फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं दहादा सांगितलं तरी फोटो म्हणूनच. तो वाटेत दाबला जाऊन लहान होतो. मग कितीही मोठा करा, अक्षर उमटत नाही, चौकोन तेवढे मोठे होतात.

लोकांना वाटतं, अक्षर जितकं मोठं तितकं वाचायला सोपं. मोडीत उलट आहे. आधी आडवी ओळ आखून घ्यायची आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं, अशी ही लिपी. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही. वाचायचं असतं ते हाताचं वळण. ४०० टक्क्यांवर ते वळण स्क्रीनबाहेर जातं आणि समोर शाईचे फराटे उरतात. मी १५० वर वाचते. अडलंच तर ३००, तेही त्या अक्षरापुरतं, की परत खाली.

आकड्यांचं मात्र वेगळं. जुन्या हिशेबात पाव, अर्धा, पाऊण उभ्या दांड्यांनी दाखवतात, आणि मागच्या बाजूची शाई फुटून आली की तीही दांडीसारखीच दिसते. रंगीत स्कॅनमध्ये फुटलेली शाई निदान फिकट ओळखू येते. पण फाइल लहान व्हावी म्हणून सगळं काळ्या-पांढऱ्यात करून ठेवलेलं! ज्याने कुणी हे ठरवलं, त्याने उभ्या जन्मात एकही जुना कागद वाचलेला नसणार.

त्या दिवशीची फाइल अशीच काळी-पांढरी होती. एका गावचं जमिनीचं रजिस्टर, चांगलं रुंद. उघडलं की डाव्या पानावर सर्व्हे नंबर आणि खातेदाराचं नाव, उजव्या पानावर क्षेत्र, आकार (म्हणजे जमिनीचा सारा) आणि शेरा. स्कॅनरच्या काचेवर अख्खं मावत नाही, म्हणून डावं पान वेगळं, उजवं वेगळं. रकान्यांची नावं फक्त सुरुवातीला, तीही अर्धी फाटलेली. पानांचे आकडे कोपऱ्यात असणार, ते कडा कापताना गेले. वकीलसाहेबांना एकाच ओळीशी मतलब होता, नवव्या. चुलतभावांचा वाद. एक म्हणतो पणजोबांनी जमीन गहाण टाकली होती, दुसरा म्हणतो असं काही झालंच नाही.

डाव्या पानावर नववी ओळ काढली, नाव जुळलं. पुढच्या पानावर नववी ओळ, ३-१२. ही जोडी फसवी. एकराचे गुंठे चाळीस, रुपयाचे आणे सोळा. बारा दोन्हीत बसतात. मग क्षेत्र की आकार? त्याच रकान्यात वरखाली शोधत गेले, तर एका ओळीत २७ सापडले. सत्तावीस आणे कोणी लिहीत नाही, त्याचा एक रुपया अकरा आणे होतो. म्हणजे गुंठेच. स्वतःवर खूश झाले, खोटं कशाला बोलू? शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ ‘गहाण’. ३०० वर नेऊन पाहिलं, शंकेला जागा नव्हती. लगेच फोन केला.

“साहेब, गहाण आहे.”

“ताई, नक्की?”

“शंभर टक्के.”

संध्याकाळी बिल. मी पानावर पैसे घेते, म्हणून पानं मोजायला दोन-दोन पानं शेजारी लावली आणि झूम २५ वर आणला. या आकारात अक्षर एकही कळत नाही. कळल्या त्या रेघा. डाव्या पानावर सहाव्या ओळीत एकाखाली एक चार नावं होती, त्यामुळे ती ओळ चांगली उंच झालेली. शेजारच्या उजव्या पानावर मात्र सगळ्या ओळी सारख्या. फाइलमधल्या बाकी प्रत्येक जोडीत रेघा डावीकडून उजवीकडे सरळ जात होत्या, इथेच पायरी पडत होती. उजव्या पानांच्या खालच्या कोपऱ्यात कसरीने खाल्लेलं भोक होतं, पानागणिक थोडंथोडं वाढत जाणारं. इथे ते एकदम दुप्पट.

डावं पान स्कॅन झालं, उजवं व्हायच्या आत मधलं एक पान उलटलं. पंख्याच्या वाऱ्याने म्हणा, घाईने म्हणा. एका उघडणीचं उजवं आणि पुढच्या उघडणीचं डावं, अशी दोन पानं फाइलमध्ये नाहीतच. दोन गेली म्हणून पुढच्या जोड्याही बरोबर लागल्या आणि कुणाला काही खटकलं नाही. मी वाचलेलं गहाण भलत्याच माणसाचं होतं.

रात्री नऊला पुन्हा फोन. साहेब जरा थांबून म्हणाले, “मघाशी शंभर टक्के म्हणालात.” तोवर पक्षकाराने चुलतभावाला फोनवर चार शब्द सुनावूनही झाले होते.

मूळ रजिस्टर पाहायला अर्ज केला, तीन आठवड्यांनी ते समोर आलं. ते पान जागेवर होतं, सहावी ओळ उंच, भोक बेताचं. नवव्या ओळीत शेरा कोरा. कोऱ्या शेऱ्याचा अर्थ कोर्ट काय लावेल, तो माझा प्रांत नाही.

मला छळतं ते हे की माझ्या वाचनात चूक नव्हती. ‘गहाण’ हे गहाणच होतं, ३-१२ हे ३-१२ च. आणि याआधीच्या सगळ्या फायली मी अशाच वाचल्यात, एकेक ओळ मोठी करून, शेजारच्या पानाकडे नीट न बघता.

जेवणं उरकली की रोज पाच-सहा जुन्या फायली काढते, कंट्रोल दाबून शून्य, अख्खं पान, मग २५. अक्षरांकडे बघतच नाही. रेघा, डाग, भोकं. आतापर्यंत ४१ झाल्या. चाळीस ठीक आहेत. एकीत पाण्याचा डाग मध्येच तुटतो. तिचे पैसे मागच्या दिवाळीतच आलेत, आणि त्या वकिलांना मी अजून फोन केलेला नाही.